कच्च्या टाक्यांचं शीड

३ मार्चला उद्यामास्तरांनी लाकडाच्या वखारीत ११,८४० रुपये मोजून दिले आणि दुकानासाठी नवं ओव्हरलॉक मशीन आणायला निघालेला हा माणूस हातगाडीवर प्लायवुडचे तक्ते लादून घरी परतला.

"मशीन बरंच सपाट आहे," दारात उभी असलेली त्यांची बायको म्हणाली.

"होडी करतोय," मास्तर म्हणाले.

बाईंनी तक्त्यांकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. कामावर निघायची वेळ झाली होती, म्हणून त्या निघाल्या. वेळ झाली की निघायचं हा त्यांचा स्वभाव होता. मास्तरांचा नव्हता. पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

मास्तर शाळेचे गणवेश शिवायचे. हात सफाईदार होता. त्यांनी लावलेलं बटण तुटल्याची तक्रार एकदाही आली नव्हती. कापड विरून जायचं, बटण तसंच. पण कपडा कधी मिळणार असं विचारलं की मास्तरांच्या तोंडून एकच शब्द निघे: "उद्या." त्यात लबाडी नव्हती. त्या क्षणी त्यांना मनापासून वाटायचं की उद्या होईल. उद्यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी भाविकांची देवावरही नसते. शाळा सुरू होऊन महिना उलटला तरी काही पोरं गेल्या वर्षीच्या आखूड चड्डीत दिसायची, आणि शिक्षक नुसते गुडघे पाहून ओळखायचे की याचं कापड कुणाकडे पडलंय. 'उद्यामास्तर' हे नाव गल्लीने ठेवलं, आणि दुकानावरच्या पाटीचा रंग उडाल्यावर तेच एक नाव उरलं.

दुसरी खोड म्हणजे मास्तर सगळं सैल शिवायचे. शिवणीच्या आत जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर माया ठेवायचे ती भरघोस. "वाढतं अंग आहे," असं ते प्रत्येक पोराच्या आईला सांगत. सवय अशी लागली की एकदा निवृत्तीला आलेल्या मुख्याध्यापकांनाही विजारीच्या मापाच्या वेळी त्यांनी तेच सांगितलं. "सैल असेल तर आवळता येतं," हे त्यांचं तत्त्वज्ञान, "घट्ट झालं तर कापड काय आभाळातून आणायचं?"

बाई बसस्थानकात चौकशीच्या खिडकीत बसायच्या. सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. कुणी विचारलं, "चार चाळीसची गाडी किती वाजता?" तर कपाळाला आठी न घालता "चार चाळीस" असं सांगायच्या. "येईल का हो नक्की?" असं विचारलं तर मात्र म्हणायच्या, "ते गाडीला विचारा. वेळ सांगणं माझं काम."

या नोकरीची मुलाखत होती तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मुलाखतीसाठी नवा ड्रेस मास्तरच शिवणार होते. आदल्या दिवशी ते म्हणाले, "उद्या." उद्या मुलाखत होती. सकाळी ड्रेसला एक बाही होती. बाई बहिणीचा चार बोटं आखूड ड्रेस घालून गेल्या, संपूर्ण मुलाखतभर गुडघ्यावर पर्स धरून बसल्या, नोकरी मिळवली, आणि पहिल्या पगारातून तयार कपड्यांच्या दुकानातून एक ड्रेस विकत आणला. भांडण काही झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. तेव्हापासून बाईंनी मास्तरांनी शिवलेला एक धागा अंगाला लावला नाही. रोज सकाळी त्या तयार कपड्यांत मास्तरांच्या दुकानासमोरून कामावर जात. शिंप्याची बायको रेडिमेड घालते हे पाहून गल्ली काय समजायचं ते समजायची. आणखी एक गोष्ट झाली होती, ती फक्त मास्तरांना माहीत होती. त्या दिवसापासून बाईंनी त्यांना 'कधी' हा प्रश्न कशाबद्दलही विचारला नव्हता.

होडीचं खूळ शिरलं ते एका शिडापायी. गावाबाहेरच्या तलावावर शिडाच्या होड्या चालवणारी चार हौशी मंडळी होती. त्यांतल्या एकाचं शीड फाटलं, आणि जाड कापड पेलणारं मशीन मास्तरांकडेच असल्यामुळे ते शिवायला आलं. ते अर्थातच 'उद्या' मिळणार होतं आणि हंगाम उलटल्यावर मिळालं. दरम्यान मास्तरांनी ते गल्लीत पसरून नीट पाहिलं. बाह्या नाहीत, खिसे नाहीत, काज नाहीत. आणि घालणारा कोण, तर वारा! बगलेत काचतंय म्हणणार नाही, मागच्या वेळी छान शिवलं होतंत म्हणून टोमणा मारणार नाही, दुकानात येऊन स्टुलावर ठाण मांडणार नाही. असं गुणी गिऱ्हाईक मास्तरांना जन्मात भेटलं नव्हतं. वाऱ्याशी प्रत्यक्ष व्यवहार अजून व्हायचा होता, म्हणून तसं वाटलं.

त्या हौशी माणसाने बोलता बोलता सांगितलं की छोटी होडी शिवूनच करतात. प्लायवुडचे तुकडे बेतायचे, कडांना भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने टाके घालून तुकडे जोडायचे, मग आतून-बाहेरून राळ आणि काचेच्या धाग्याची पट्टी चढवली की झाली होडी. हे ऐकल्यावर मास्तरांना थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं.

३ मार्चच्या संध्याकाळी बाई कामावरून आल्या. पुढच्या खोलीत तक्ते भिंतीला टेकून उभे होते, दिवाण उभा करून कोपऱ्यात सरकवला होता, आणि मास्तर जमिनीवर खाकी कागद पसरून होडीचं बेतकाम करत होते. बाईंनी चपला काढल्या, उरलेल्या एकमेव खुर्चीवर बसल्या, आणि म्हणाल्या, "कधी होणार?"

मास्तरांच्या हातातला खडू थांबला. इतक्या वर्षांनी तो प्रश्न! आणि तोंडाने घात केला.

"उद्या," ते म्हणाले.

मास्तर ओशाळले. "तसं नाही... ३० नोव्हेंबर."

"वार?"

"रविवार येतो."

"किती वाजता?"

"अगं, होडीला कसली वेळ?"

"मला लागते."

"सकाळी दहा."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी दहा वाजता तुमची होडी पाण्यात असेल तर मी तीत बसेन. नसेल तर ती असेल त्या अवस्थेत माझ्या खोलीतून जाईल, आणि यापुढे तुम्ही मला कसलीच तारीख सांगायची नाही. डॉक्टरची नाही, लाइटबिलाची नाही, कशाचीच नाही. मी समजेन की घरात मी आहे आणि एक शिवणयंत्र आहे."

मास्तरांनी मान डोलावली. धमकी त्यांच्या लक्षात आली होती. पण त्याहून जास्त हे लक्षात आलं होतं की बाईंनी तारीख विचारली. बंद पडलेलं खातं कुणीतरी पुन्हा उघडून दिलं होतं.

पुढचे महिने घरात तीन जण राहिले: मास्तर, बाई आणि होडी. सर्वांत जास्त जागा होडीला लागायची. जेवायला दोघं तिच्या दोन बाजूंना बसत. मीठ मागायचं तर होडीला वळसा घालून जावं लागे, म्हणून दोघांनीही अळणी खायची सवय लावून घेतली. राळेच्या वासाने बाईंच्या केसांना नवी शिसपेन्सिल तासल्यासारखा वास येऊ लागला आणि चौकशीच्या खिडकीपाशी लोक नाक मुरडून वास कसला म्हणून विचारू लागले. मास्तर होडीबद्दल बोलताना शिंप्याच्याच भाषेत बोलत. होडीला छाती होती, कंबर होती, सीट होती. "कमरेत अर्धा इंच घ्यावी लागेल," असं ते संध्याकाळी स्वतःशीच पुटपुटत, आणि मापाची फीत गळ्यात टाकून तिच्याभोवती फिरत.

गल्लीतल्या प्रत्येकाला एकच शंका होती, आणि समोरचा चष्मेवाला ती रोज बोलून दाखवायचा.

"मास्तर, दारातून निघेल ना? नाहीतर घर पाडावं लागेल."

"शेठ, शिंप्याला हे शिकवू नका," मास्तर म्हणायचे. "गळा कापायच्या आधी मी डोकं मोजतो. तुम्ही न मोजता नंबर काढता, तसं नाही."

"माझ्या चष्म्याने लोकांना दिसतं तरी! तुमच्या चड्डीत पोरांना चालता येत नाही."

"पुढच्या वर्षी येतं."

मदतीला बाईंचा धाकटा भाऊ होता. तो स्वयंपाकघरातली कपाटं करायचा, आणि ज्या लाकडी वस्तूला कप्पा नाही ती वस्तू अपुरी आहे अशी त्याची ठाम समजूत होती.

"भाऊजी, आतून सनमायका लावू. मरून."

"अरे, होडी आहे."

"म्हणूनच म्हणतो. पाणी पुसून घेता येईल. बरं, निदान बसायच्या फळीखाली एक ड्रॉवर तरी काढू द्या. हल्ली छान चॅनल मिळतात, बोटाने ढकललं की सरकतो."

शेवटी मास्तरांनी हार मानली. जगातल्या किती होड्यांना सरकता ड्रॉवर आहे कोण जाणे, पण मास्तरांच्या होडीला होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सबंध होडीतलं ते एकच काम बाजारात विकण्याच्या लायकीचं होतं. मास्तरांनी त्यात कात्री, सुई आणि दोऱ्याची रिळं ठेवली.

लाकूडकाम ऑक्टोबरअखेर उरकलं. तारेचे टाके राळेत पक्के बसल्यावर आतली टोकं एकेक करून कापायची असतात. तीही मास्तरांनी कापली. एक राहिलं. ते कुठे, हे तेव्हा कुणाला कळलं नाही.

शीड त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं, आवडीचा घास शेवटी ठेवतात तसं. शाळेच्या रेनकोटांचं निळं जाड नायलॉन शिल्लक होतं. त्याचे पट्टे कापले. माया ठेवायला हात सैल सुटला. मेव्हण्याने पट्टे जोडून जमिनीवर पाहिले आणि डोकं खाजवलं.

"भाऊजी, त्या माणसाने सांगितलं होतं त्यापेक्षा हे शीड बरंच मोठं दिसतंय."

"वाढतं अंग आहे."

"कुणाचं?"

"वाऱ्याचं सांगता येत नाही," मास्तर म्हणाले. "ट्रायल झाली की आवळू."

आणि इथेच मास्तरांनी ती चूक केली, जी कुठल्याही खलाशाने केली नसती आणि कुठल्याही शिंप्याने केली असती. नवा कपडा पहिल्यांदा अंगावर चढवून बघायचा तो कच्च्या टाक्यांवर. पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब धावदोरा घालायचा, गिऱ्हाइकाला उभं करायचं, कुठे फुगतं कुठे ओढतं ते पाहायचं, आणि मगच मशीनची पक्की टीप मारायची. मापाचा अंदाज येण्याआधी पक्की टीप मारणारा शिंपी त्यांच्या मते शिंपी नव्हेच, तो शिक्षा म्हणून कपडे शिवणारा माणूस. मास्तरांनी सगळं शीड कच्च्या टाक्यांवर जोडलं. शनिवार दुपारपर्यंत ते पुरं झालं. पक्की टीप मारायला संध्याकाळ होती. मास्तर संध्याकाळभर शिडाकडे बघत बसले. हात मशीनकडे जाईना. ट्रायलच नाही, तर टीप कसली? आणि शिवाय, मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना हेही ठाऊक होतं की एवढ्या लांब शिवणी एका संध्याकाळी पुऱ्या होणार नाहीत. पहिलं कारण इतकं चांगलं होतं की दुसऱ्याकडे बघायची गरज पडली नाही.

रविवारी सकाळी सगळी गल्ली दारात जमली. होडी आडवी केली, डावीकडे जरा वळवली, आणि ती दारातून लोण्यासारखी बाहेर आली. लोकांचा फार हिरमोड झाला. चष्मेवाल्याने दाराची चौकट हाताने चाचपून पाहिली.

"फसवलंत मास्तर. दार रुंद करून घेतलंय."

टेम्पोतून होडी तलावावर गेली. तिथे धक्क्यावर भाड्याने मिळणाऱ्या पायडलच्या होड्या बांधलेल्या होत्या, हंसाच्या आकाराच्या, लांब मान आणि उडालेला रंग. मास्तरांची होडी त्यांच्या शेजारी पाण्यात उतरवली. मास्तरांनी डोळे मिटले होते.

"भाऊजी, उघडा. तरंगतेय."

होडी खरंच तरंगत होती. गळत नव्हती, कलत नव्हती. मास्तरांनाच पटेना. त्यांनी वाकून तळाशी हात फिरवला, कोरडा. इतक्या वर्षांत त्यांनी केलेली एखादी वस्तू पहिल्या फटक्यात कुणाला बसली होती, आणि तीही कुणाला, तर तलावाला.

दहाला थोडा अवकाश असताना बाई आल्या. तयार कपड्यांच्या दुकानातला करडा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेला, आणि कोटावरून पोटाभोवती शेजारणीच्या नातीचं पोहायचं फुगवलेलं चाक. चाकाला पुढे बदकाचं पिवळं डोकं होतं. धक्क्यावर कुणी हसलं नाही. बाईंकडे बघून हसायची कुणाची टाप नव्हती. चष्मेवाला तेवढा चष्मा पुसायला लागला.

बाईंनी होडीकडे पाहिलं. काठीला गुंडाळलेल्या शिडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"दहा," त्या म्हणाल्या, आणि होडीत जाऊन बसल्या. बदक समोर तोंड करून.

मास्तरांनी शीड चढवलं. निळं, अवाढव्य, पांढऱ्या दोऱ्याच्या रेघारेघांचं. ते डोलकाठीवरून खाली लोंबू लागलं, जसा थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर. मेव्हण्याने होडीला ढकलून दिलं. होडी धक्क्यापासून पाच-दहा हात सरकली आणि थांबली.

वारा नव्हता.

काठावरून गल्ली बघत होती. मास्तर दोरी धरून बसले होते. बाई बदकाच्या डोक्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

"गाडी लागलीय का अजून?" बाईंनी विचारलं.

"वारा आला की निघायचं."

"आणि तो कधी येणार?"

मास्तरांनी जीभ दाताखाली दाबली. एक शब्द ओठांपर्यंत आला होता, तो त्यांनी गिळला. "ते... वाऱ्याला विचार," ते म्हणाले.

बाईंच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित हलला. मास्तरांना तो हलल्यासारखा वाटला. शपथेवर सांगता आलं नसतं.

मग शीड थोडंसं फुगलं, पडलं, पुन्हा फुगलं. होडीच्या तळाखालून पाण्याचा बारीक आवाज सुरू झाला, कापडावरून कात्री न उचलता सरकवत न्यावी तसा. धक्का मागे जायला लागला. काठावर कुणीतरी शिट्टी मारली. मास्तरांनी शिडाची दोरी होडीच्या खुंटीला गुंडाळून त्यांची नेहमीची गाठ मारली, जी मारली की बटण कधी तुटत नसे. मग सुकाणूवर हात ठेवून ते शिडाकडे पाहत राहिले. इथे जरा ओढतंय. तिथे झोळ पडलाय. वरच्या पट्ट्याला दोन बोटं घ्यायला हवीत. वारा आत उभा होता आणि मास्तर त्याचं माप घेत होते. एवढं सुख त्यांना आयुष्यात झालं नव्हतं, आणि ते लपवायचंही भान राहिलं नाही.

"तोंड मिटा," बाई म्हणाल्या. "माशी जाईल."

पण त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं होतं.

तलावाच्या मध्यावर, जिथे दोन टेकड्यांमधली खिंड समोर येते, तिथे गिऱ्हाइकाने आपला खरा स्वभाव दाखवला. वारा असा आला की जणू दार लाथेने उघडलं. शीड गच्च फुगलं, ती सगळी माया, तो सगळा सैलपणा वाऱ्याने एका दमात भरून टाकला, आणि होडी कलली. काठ पाण्याला टेकला. बाई बदकासकट मास्तरांच्या अंगावर घसरल्या.

"दोरी सोडा!" बाई ओरडल्या.

मास्तरांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. गाठ ती गाठच. तिने आजवर कुठल्या पोराचं ऐकलं नव्हतं, बापाचं कशाला ऐकेल? मग त्यांना कात्री आठवली. फळीखालचा ड्रॉवर त्यांनी बोटाने ओढला. मेव्हण्याचे चॅनल खरोखरच उत्तम होते. ड्रॉवर सुळ्ळकन सरकला, पुरता बाहेर आला, आणि कात्री, सुई, रिळांसकट काठावरून तलावात गेला.

पाणी आत येऊ लागलं. मास्तरांनी एका हाताने बाईंचा कोट धरला. नेमकं त्याच क्षणी डोक्यावर आवाज आला, एक लांबच लांब ट र्र र्र. तो आवाज कुणाही शिंप्याला झोपेतही ओळखू येतो. शीड उसवत होतं. पांढरा दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर निघत गेला, एक शिवण, मग दुसरी, मग सगळ्याच. निळे पट्टे एकमेकांपासून सुटून वेगवेगळे फडफडू लागले, आणि वारा त्यांच्यामधून निघून गेला. होडी एकदम ताठ उभी राहिली, डुलली, आणि काही झालंच नाही अशा थाटात थांबली.

बाईंनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. मास्तरांना होडीच्या काठाकडे बघवेना, तलावाकडे बघवेना, म्हणून ते बदकाकडे बघू लागले.

"कच्चा टाका होता," ते शेवटी म्हणाले. "पक्की टीप मारलेली नव्हती. ट्रायल..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "झालं नव्हतं पुरं. तू म्हणाली होतीस तसंच कर. पाठव होडी वखारीत."

"मला माहीत होतं."

"काय?"

"पांढरा दोरा धक्क्यावरूनच दिसत होता. शिंप्याच्या घरात राहते मी, इतकी वर्षं. कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं ते कळत नाही होय मला?"

"मग बसलीस कशाला?"

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं चार चाळीसची गाडी किती वाजता असं विचारणाऱ्याकडे बघत.

"दहा वाजले होते," त्या म्हणाल्या. "मी दहा वाजता बसेन म्हटलं होतं. होडी पाण्यात होती. शिडाचं बोलणं कुठे झालं होतं आपलं?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. खरंच झालं नव्हतं.

"आणि पक्की टीप मारली असती," बाई पुढे म्हणाल्या, "तर आत्ता हे बदक एकटं काठाला गेलं असतं. अर्धवट कामाचा उपयोग झाला असं पुन्हा कधी व्हायचं नाही. सवय लावून घेऊ नका."

इतक्यात काठाकडून एक हंस येताना दिसला. तो फार हळू येत होता आणि त्याच्या पोटातून भांडणाचा आवाज येत होता. एका पायडलवर मेव्हणा, दुसऱ्यावर चष्मेवाला.

"अहो, जोरात मारा ना पाय! बहीण आहे माझी तिकडे!"

"मारतोय! तुझ्याच बाजूला अडतंय, तुझ्या कपाटांसारखं!"

हंस होडीला येऊन धडकला. मेव्हण्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग फळीखालच्या रिकाम्या जागेकडे.

"ताई, ठीक आहेस ना? ड्रॉवर कुठे गेला?"

"तळाशी," बाई म्हणाल्या. "छान सरकतो."

चष्मेवाल्याने लोंबणारे पट्टे नीट निरखून पाहिले. एवढ्या तयारीने तो आला होता की त्याला राहवेना.

"काय मास्तर, कशी झाली ट्रायल?"

"कमरेत सैल होतं," मास्तर म्हणाले. "घ्यावं लागेल."

हंसाने होडीला ओढत काठावर आणलं. बाई उतरायला उठल्या तेव्हा काहीतरी फाटलं. कापायची राहून गेलेली तांब्याची तार फळीच्या कडेला होती, आणि तिने कोटाचं अस्तर काखेपासून खालपर्यंत फाडलं होतं. बाईंनी बदक खाली ठेवून कोट काढला, उलटा केला, फाटलेलं अस्तर पाहिलं. इतक्या वर्षांचा रेडिमेड कोट.

बाईंनी तो कोट मास्तरांसमोर धरला.

"हे अस्तर. कधी द्याल?"

चष्मेवाल्याने मेव्हण्याच्या दंडाला चिमटा काढला. मास्तरांचं तोंड उघडलं. "उ..." असा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग त्यांनी तोंड मिटलं, बोटांवर दिवस मोजले, मनातल्या मनात कुठल्यातरी शाळेच्या चड्ड्या बाजूला सारल्या.

"गुरुवारी."

"गुरुवारी कधी?"

"संध्याकाळी सहा."

"येते," बाई म्हणाल्या, आणि बदक उचलून मेव्हण्याच्या हातात दिलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी दुसऱ्या कुणाचं कापड हातात घेतलं नाही. चार आया दुकानात येऊन गेल्या. चौघींना "उद्या" मिळालं. अस्तर बुधवारीच झालं. मास्तरांनी मायेचं कापड मोजून-मापून ठेवलं, म्हणजे कमी ठेवलं. कोट इस्त्री करून काचेच्या मागे टांगला आणि दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसले.

गुरुवारी सहा वाजता बाई आल्या. घरातून दुकानात उघडणाऱ्या आतल्या दाराने नाही. रस्त्याने, पुढून, पायरी चढून, गिऱ्हाईक येतं तशा. स्टुलावर बसल्या. कोट उलटा केला. शिवण बोटांनी दोन्ही बाजूंना ताणून पाहिली, मग आणखी जोराने ताणून पाहिली. दोरा हलला नाही. अंगावर चढवला, हात वर केले, खाली केले.

"बगलेत काचतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "किती झाले?"

"साठ."

"साठ? समोरच्या गल्लीत पन्नासात करतात."

"मग तिकडे..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

बाईंनी पर्स उघडली, पन्नासाची नोट काउंटरवर ठेवली, आणि कोट घालूनच समोरच्या रस्त्याने घरी गेल्या. चष्मेवाला दुकानाच्या दारात येऊन त्यांना जाताना पाहत राहिला.

होडी पुन्हा पुढच्या खोलीत आहे. शीड अजून कच्चंच आहे. त्याची तारीख बाईंनी विचारलेली नाही आणि मास्तरांनी सांगितलेली नाही. अस्तराच्या शिलाईपैकी दहा रुपये बाईंकडून येणे आहेत.